चारचं बटण: एका सेवा केंद्राच्या पहिल्या मेकॅनिकल कीबोर्डचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, तालुक्यापासून १८ किलोमीटरवर. दिवसातून दोनदा एसटी, बाकी काळी-पिवळी. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, पण किमती आणि हिशेब माझ्या दुकानाच्या वहीतले आहेत. माझं तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आसपासच्या बारा-पंधरा सेवा केंद्रांची यंत्रं माझ्याकडे येतात.

हे केंद्र एक ताई चालवतात. वय पस्तिशीच्या आत, बीए, टायपिंग उत्तम. घराच्या ओसरीलगतची एक खोली, त्यात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र. काम सगळं येतं: पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, सातबारा, बँकेचे अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव, आणि लग्नसराईत पत्रिकेचा मजकूरसुद्धा. ताई मराठी इनस्क्रिप्ट या सरकारी कीबोर्ड मांडणीवर टाइप करतात, कीबोर्डकडे न बघता. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांचा पुतण्या बसतो. तो इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवतो.

खोलीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. कापूस वेचून आला की भाव चढेपर्यंत तो शेजारच्या खोलीत भरून ठेवतात. मधल्या दाराला फक्त पडदा आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा खिडकीत कूलर बसतो आणि त्याचा ओला झोत सरळ टेबलावर येतो. म्हणजे सहा महिने धूळ आणि रुई, तीन महिने ओल, आणि उरलेले तीन महिने पाऊस. कीबोर्डाला याहून कठीण सासर मिळणार नाही.

अडचण

अडीच वर्षांत पाच कीबोर्ड गेले होते. सगळे साधे, ३५० ते ४५० रुपयांचे, एकूण १,९८० रुपये. वहीत कारणंही लिहिलेली होती. पहिला चहा सांडून गेला. दुसऱ्याची वायर कीबोर्डातून बाहेर पडते तिथे आतल्या आत तुटली. तिसऱ्याची आणि चौथ्याची एकेक अख्खी ओळ बंद पडली. पाचव्यापासून हे प्रकरण सुरू होतं.

नोव्हेंबरमध्ये अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी टाइप करायचं काम ताईंकडे आलं. २१४ शेतकऱ्यांची नावं, गट क्रमांक, क्षेत्र आणि बँक खाते क्रमांक, सगळं एक्सेलमध्ये. यादी पूर्ण झाल्यावर ताई स्टेट बँकेच्या खात्यांवरून नजर फिरवत होत्या. ते क्रमांक ११ आकडी असतात, त्यामुळे रकान्यात सगळे एका रेषेत दिसायला हवेत. एक आखूड दिसला, मग दुसरा. शोधता शोधता सहा निघाले. सहाही ठिकाणी ४ हा आकडा गळाला होता.

रात्री साडेनऊला फोन आला. "भाऊ, हे चार नंबरचं बटन माह्यावर रुसलं का काय? मी दाबून राह्यली अन् ते येऊनच नाही राह्यलं."

त्याआधी दोन दिवस त्या स्वतःलाच दोष देत होत्या, थकव्यामुळे चुकत असेल म्हणून. मग एक्सेलवर संशय घेतला. तो संशय अगदीच चुकीचा नव्हता. एक्सेल आकड्याच्या पुढचं शून्य खातं आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं, म्हणून खाते क्रमांकाचा रकाना आधी मजकूर म्हणून ठरवून घ्यावा लागतो. पण एक्सेल मधलाच ४ कधी गाळत नाही.

फोनवरच एक चाचणी करायला सांगितली. नोटपॅड उघडा, उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीतला ४ मोजून १०० वेळा दाबा आणि ती ओळ एक्सेलच्या मजकूर म्हणून ठरवलेल्या एका घरात टाकून लेन सूत्राने अंक मोजा. उत्तर आलं ९१. वरच्या ओळीतला ४ तसाच १०० वेळा दाबला, तर पूर्ण १००.

यादी तेव्हा गेली नव्हती म्हणून थोडक्यात निभावलं. सहा घरांचं अनुदान अडकलं असतं तर गावात ताईंना तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्या रात्री त्यांनी ठरवलं की आता चांगला कीबोर्ड घ्यायचा, मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली सुटा स्विच असलेला, आणि २,५०० च्या वर जायचं नाही.

आधी एक हिशेब

कुठलाही मेकॅनिकल कीबोर्ड बघायला गेलं की पहिला आकडा समोर येतो तो स्विचच्या आयुष्याचा: ५ कोटी दाब. ताईंनीही मला तेच विचारलं, किती कोटीवाला घेऊ? म्हणून कागदावर गणित मांडलं.

ताई मिनिटाला साधारण ३० शब्द टाइप करतात. शब्दाला पाच दाब धरले तर मिनिटाला १५०, तासाला ९,०००. दिवसातून निव्वळ टायपिंग तीन तास, म्हणजे २७,०००. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ८१ लाख. यातलं सगळ्यात राबणारं बटण काना असेल. सगळ्या दाबांचा दहावा भाग एकट्या कान्यावर पडतो असं मानलं तरी वर्षाला ८ लाखांच्या आसपास. ५ कोटी भागिले ८ लाख, म्हणजे साठ वर्षं.

आता हेच साध्या कीबोर्डला लावा. त्यांच्या खोक्यावर ५० लाख ते १ कोटी दाबांचा दावा असतो. त्या हिशेबाने साधा कीबोर्डही सहा वर्षं चालायला हवा होता. ताईंचे सरासरी सहा महिन्यांत मेले. म्हणजे ते दाबून दाबून मेलेच नव्हते.

ते कशाने मेले हे उघडून बघितल्यावर कळतं. साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराच्या टोप्या असतात आणि त्यांच्याखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे, ज्यांच्यावर चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या असतात. टोपी दबली की दोन पापुद्रे चिकटतात आणि अक्षर उमटतं. दोन पापुद्र्यांच्या मध्ये ओल शिरली की रेघ काळी पडते आणि तुटते. एका रेघेवर बरीच बटणं असतात, म्हणून एक रेघ गेली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम गप्प होतात. ताईंचा तिसरा आणि चौथा असेच गेले, दोन्ही जूनमध्ये, कूलरच्या मोसमाच्या शेवटी. ही रेघ दुरुस्त करता येत नाही असं नाही, पण ४०० रुपयांच्या वस्तूवर कोण तासभर घालवणार. मीही घालवत नाही.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो: एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूची एक पट्टी. चारचा स्विच गेला तर चारचाच जातो. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेली एमएक्स रचना आजही पाया मानली जाते. तिच्या पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, आउटेमू वगैरे चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले आणि किमती खाली आल्या.

त्यामुळे आमचा प्रश्न बदलला. कोटींचे आकडे बाजूला ठेवले आणि विचारायचं ठरवलं ते एवढंच: हा बिघडला तर गावात बसून, माझ्याकडे न येता, ताईंना दुरुस्त करता येईल का?

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय मी स्वतःच मांडला होता: पुन्हा ४०० चाच घ्या आणि एक जादा आणून कपाटात ठेवा. पैशाने बघितलं तर यात काही चूक नाही. अडीच वर्षांत दोन हजार म्हणजे महिन्याला ६६ रुपये. खरा खर्च तालुक्याच्या खेपेचा आणि बंद राहिलेल्या अर्ध्या दिवसाचा होता, आणि तो कपाटातल्या जादा कीबोर्डने वाचला असता. ताईंनी हा पर्याय एका वाक्यात निकालात काढला. "बंद पडला तं समजते भाऊ. गुपचूप चार खाऊन जाते, त्याचं काय करू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा पर्याय म्हणजे टीव्हीएस गोल्ड हा मेकॅनिकल कीबोर्ड. बँकेत, कचेरीत, रेल्वेच्या तिकीट खिडकीवर ज्याची कटकट आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो तो. टिकाऊपणाबद्दल वाद नाही; माझ्या दुकानात दहा-दहा वर्षं चाललेले आले आहेत. नवा आमच्या बजेटच्या वरच्या टोकाला जात होता. अमरावतीला भंगारात निघालेले जुने स्वस्तात मिळत होते, पण त्यांना गोल पिनचा जुना पीएस/२ जोड. ताईंच्या कॉम्प्युटरला तो सॉकेटच नाही, आणि साधा पन्नास रुपयांचा अडॅप्टर प्रत्येक जुन्या कीबोर्डला चालतो असं नाही. कधी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. दुसऱ्याच्या भंगारावर तिसरी वस्तू जोडायची, हे मला पटलं नाही.

तिसरा पर्याय पुतण्याचा. त्याच्या मोबाइलवर रंगीबेरंगी दिव्यांचा, तळहाताएवढा कीबोर्ड आधीच निवडून ठेवलेला होता, १,५०० च्या आतला. "काकू, हाच घेऊ ना, लाइटवाला." दिव्यांशी माझं भांडण नाही, लाइट गेल्यावर यूपीएसवर काम करताना बटणं दिसतात. अडचण वेगळी होती. असल्या ६१ बटणांच्या कीबोर्डात आकड्यांची पट्टीच नसते. आधारचे १२ आकडे, मोबाइलचे १०, खात्याचे ११, दिवसभर हेच करणाऱ्या बाईचा उजवा हात त्या पट्टीवर बसलेला असतो. आणि इनस्क्रिप्टची एक खोच आहे जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. या मांडणीत य हे अक्षर उजव्या शिफ्टच्या शेजारच्या तिरप्या रेघेच्या बटणावर येतं. काही छोट्या कीबोर्डांत तेच बटण वरच्या बाणाचंही काम करतं. बाण चालू राहिला की य टाइप करताना कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो. यवतमाळच्या माणसाला य शिवाय कसं चालेल!

इनस्क्रिप्ट १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली. ती पूर्ण आकाराचा कीबोर्ड गृहीत धरते. च आणि ट ही अक्षरंही एंटरच्या जवळच्या विरामचिन्हांवर आहेत. म्हणून मराठी टाइप करणाऱ्याने ते कोपरे नीट बघून घ्यावेत. इंग्रजीवाल्याला तिथे फरक पडत नाही.

चौथा प्रकार फसवा, आणि पुतण्या त्यात एकदा पोळलेला होता. ऑनलाइन ७९९ ला 'मेकॅनिकल फील' असं लिहिलेला कीबोर्ड त्याने वर्षापूर्वी मागवला होता. आत रबराच्या टोप्याच. 'फील' हा शब्द दिसला की तो साधा कीबोर्ड समजावा. हातात असेल तर एका बटणाची वरची, अक्षर छापलेली टोपी उपटून बघायची: खाली स्वतःची चौकट असलेला, रंगीत दांडीचा सुटा स्विच दिसला तर मेकॅनिकल. सगळ्या दांड्या एकाच सलग प्लास्टिकच्या भोकांतून वर आलेल्या दिसल्या तर नाही.

पाचवा पर्याय आम्ही शेवटी घेतला तो: पूर्ण १०४ बटणांचा, स्विच हाताने काढून बसवता येणारा, सुटी टाइप-सी वायर असलेला कीबोर्ड. किंमत २,२९०.

आठवडाभराची उसनी चाचणी

थेट मागवण्याआधी माझ्या दुकानातला निळ्या स्विचचा जुना कीबोर्ड आठवडाभर ताईंना दिला. या प्रकरणात मी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट कोणती म्हणाल तर हीच.

स्विचचे रंग म्हणजे स्वभाव. निळा दाबताना खटका लागतो आणि आवाजही येतो. तपकिरीत हलका खटका बोटाला कळतो, कानाला फारसा नाही. लाल सरळ खाली जातो, खटका नाही. माझी आपली समजूत होती की टायपिंगवाल्याला निळाच आवडतो.

ताईंना आवडलाही. पहिले तीन दिवस चुका वाढल्या, कारण साध्या कीबोर्डाच्या सवयीने त्या प्रत्येक बटण तळाला आपटत होत्या. बहुतेक स्विचमध्ये बटण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. हे बोटांना उमगायला वेळ लागतो. चौथ्या दिवशी हात सुटला.

पण पलीकडच्या खोलीत सासरे झोपलेले असतात, अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणावर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आवाज दिला, "सूनबाई, काय फुटाणे भाजून राह्यली व?" आणि दाखल्यासाठी आलेली एक म्हातारी बाहेरच थांबली. का, तर "ताई रागात दिसते, जोरजोरानं मारून राह्यली." निळा तिथेच बाद झाला. ही चाचणी नसती तर २,२९० देऊन निळाच आला असता, आणि त्याला जबाबदार मी असतो.

लालही चालला असता. पण आकडे भरताना खटका नसला तर दाबला की नाही याची खात्री वाटत नाही, असं ताईंचं म्हणणं. चार गिळणाऱ्या बटणाने पोळलेल्या माणसाला ती खात्री हवीच होती. तपकिरी ठरला.

काय केलं

कुरिअर गावापर्यंत येत नाही, म्हणून माल माझ्या दुकानाच्या पत्त्यावर मागवला. खोकं उघडताना व्हिडिओ काढला. बदलून देण्याची मुदत दहा दिवसांची होती, म्हणून त्याच संध्याकाळी १०४ ही बटणं तपासली: प्रत्येक वीस वेळा.

आकड्यांच्या पट्टीतला ७ कधीकधी दोनदा उमटत होता. इथे एक निर्णय घ्यावा लागला. ताई म्हणाल्या, परत करून टाका. त्यांचा मुद्दा रास्त होता, नव्या वस्तूत दोष का सोसायचा? मी म्हटलं, आधी दोष कुठे आहे ते बघू. ७ चा स्विच काढून स्क्रोल लॉकच्या जागी बसवला आणि स्क्रोल लॉकचा स्विच ७ च्या जागी. स्क्रोल लॉकवर अक्षर उमटत नाही, पण बटण तपासायच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा दाब दिसतो. तिथे तो दोनदा दिसू लागला आणि ७ सरळ झाला. म्हणजे दोष स्विचबरोबर सरकला, खालची सर्किटची पाटी ठीक होती. खोक्यात चार जादा स्विच आले होते, त्यातला एक बसवला. दोष जागीच राहिला असता तर मीही परतच केला असता.

मग ताईंना ओट्यावर बसवून दोन गोष्टी शिकवल्या: चिमट्याने स्विच कसा काढायचा, आणि बसवताना त्याचे धातूचे दोन्ही पाय सरळ आहेत ना हे कसं बघायचं. वाकडा पाय दाबून बसवला तर तो खाली दुमडतो, आणि जोर लावला तर सॉकेटच पाटीवरून उखडतं. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला हे दहा मिनिटांत जमतं. पुतण्याला जमायला अर्धा तास लागला आणि एक स्विच वाया गेला.

अक्षरांचे स्टिकर आणले होते, पुतण्यासाठी. मे महिन्यात त्यांचा डिंक सरकला आणि कडा वर आल्या. त्यात रुई चिकटून प्रत्येक बटणाला दाढी फुटली. शेवटी सगळे काढून टाकले आणि भिंतीवर तक्ता लावला.

झाकणाचीही गंमत झाली. ताईंनी जुन्या लुगड्याचं सुंदर झाकण शिवलं, आणि महिन्याभरात त्याचाच धागा बटणांत दिसू लागला. नंतर गावातल्या शिंप्याकडून रेक्झिनचं शिवून घेतलं, ६० रुपयांत. कूलरचं तोंड दाराकडे वळवलं. चहा टेबलावरून खिडकीत गेला. निदान नियम तरी तसा झाला.

झिणझिण्या

जुलैमध्ये ताईंचा फोन आला: कीबोर्डच्या कडेला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. पावसाने फरशी ओली होती आणि पाय उघडे.

मला वाटलं कीबोर्ड गेला. टेस्टर घेऊन गेलो. धातूच्या पट्टीवर टेस्टर मंद पेटत होता. पण तो कॉम्प्युटरच्या डब्यावरही पेटत होता, स्क्रूवरही. मग भिंतीतला बोर्ड उघडला. तीन पिनच्या सॉकेटातल्या वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच नव्हती. घरात अर्थिंगच नव्हतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडी गळती डब्यावर येतेच, अर्थिंग असलं की ती जमिनीत जाते. नसलं की डबा वाट बघत बसतो. आधीचे कीबोर्ड सगळे प्लास्टिकचे होते, म्हणून हे वर्षानुवर्षं कुणाला जाणवलं नाही. या कीबोर्डला वरून धातूची पट्टी आहे, ती यूएसबीच्या वायरमधून कॉम्प्युटरच्या डब्याला जोडली जाते, आणि ताईंचं मनगट नेमकं तिच्यावर.

खड्डा खणला, पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरलं, वायर ओढली. मजुरीसकट ९०० रुपये. त्यानंतर टेस्टर पेटला नाही. कीबोर्डच्या निमित्ताने घराचं अर्थिंग झालं हे बरंच झालं, पण ते अडीच हजारांच्या हिशेबात कुणीच धरलेलं नव्हतं.

चौदा महिन्यांनी

कीबोर्ड चालू आहे. मधल्या काळात त्याला तीन आजार झाले.

ऑगस्टमध्ये वायर गेली. पुतण्याने मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी वायर लावली. दिवे लागले, पण अक्षर उमटेना. पुन्हा घबराट. काही चार्जिंगच्या वायरींत फक्त विजेच्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. मी दुकानातून १८० ची दुसरी वायर नेली, काम सुरू. जुन्या कीबोर्डात याच बिघाडाने अख्खा कीबोर्ड फेकला होता.

ऑक्टोबरमध्ये खिडकीतला चहा एका गिऱ्हाइकाच्या कोपराने परत टेबलावर आला. ताईंनी आधी वायर उपटली, मग कीबोर्ड पालथा केला, टोप्या काढून कोमट पाण्यात टाकल्या, आणि दोन दिवस पुतण्याचा साधा कीबोर्ड वापरला. नऊ स्विच चिकट झाले होते. सहा पुसून-वाळवून परत चालले, तीन बदलावे लागले. मला हे सगळं झाल्यावर फोनवर कळलं. मुंग्या लागल्या होत्या, त्याही त्यांनीच झटकल्या.

स्पेसबार मात्र खडखडतो. त्याच्याखालच्या तारेला ग्रीस लावायचं राहिलंच आहे. आणि कान्याच्या बटणाचं प्लास्टिक चकाकायला लागलं आहे, कारण टोप्या एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या आहेत. पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकच्या टोप्या एवढ्या लवकर गुळगुळीत होत नाहीत, पण त्या बजेटात बसल्या नाहीत.

खर्च असा झाला: कीबोर्ड २,२९०, वायर १८०, जादा दहा स्विच २५०, झाकण ६०. एकूण २,७८०. अर्थिंग वेगळं. तेवढ्या काळात जुन्या गतीने दोन-तीन साधे कीबोर्ड गेले असते, म्हणजे हजार-बाराशे. पैसे अजून वसूल झालेले नाहीत आणि पुढची दोन वर्षं होतील असंही नाही. तालुक्याची खेप मात्र कीबोर्डसाठी एकही झाली नाही. नव्या यादीच्या वेळी ताईंनी १०० दाबांची चाचणी आधी घेतली. १०० पैकी १००.

वेगळं काय करता आलं असतं

एक गोष्ट मला नंतर बोचत राहिली. त्या रात्री बिघाड फक्त उजवीकडच्या ४ मध्ये होता. सुटी आकड्यांची पट्टी यूएसबीवर तीनशे-चारशेत मिळते. ती लावली असती तर यादीचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुटला असता आणि कीबोर्डचा विचार शांतपणे करता आला असता. ताई घाबरल्या होत्या आणि मला मोठी वस्तू विकायची होती, हे मान्य करायला हवं. दोन्ही कारणं मिळून आम्ही घाई केली.

अर्थिंग आधी बघायला हवं होतं. धातूची पट्टी असलेली कुठलीही वस्तू गावातल्या घरात देताना मी आता पहिला टेस्टर काढतो.

जादा स्विचच्या बाबतीत चूक पूर्णपणे माझी. नागपूरला सीताबर्डीत गेलो होतो, तेव्हा गॅटेरॉनचे दहा घेऊन आलो. बसेनात. या कीबोर्डच्या सॉकेटात आउटेमूचे बारीक पायांचेच स्विच बसतात. स्वस्त कीबोर्डांत असं सर्रास असतं आणि 'स्विच बदलता येतात' या ओळीत ते लिहिलेलं नसतं. त्याशिवाय (प्लास्टिकचे पायही धरले तर) कुठे तीन पायांचे, कुठे पाच पायांचे हा घोळ वेगळाच. ते दहा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. कीबोर्डबरोबरच त्याच जातीचे दहा मागवले असते तर खेप आणि पैसे दोन्ही वाचले असते.

आणि प्रत्येक केंद्राला हे लागू आहे असं मी म्हणणार नाही. दिवसाला पाच-सहा अर्ज भरणाऱ्याला पाणी निथळायला खाली भोकं असलेला साधा कीबोर्ड आणि कपाटात एक जादा, एवढं पुरतं. त्यानंतर दोन केंद्रांना मी तसंच दिलं.

दुसऱ्या टेबलावर पुतण्याचा ४०० चाच आहे. गेल्या आठवड्यात त्याचं ल-ळ चं बटण अडकायला लागलं. आता तो काकू जेवायला उठली की तिच्या खुर्चीत जाऊन बसतो.